पोळांच्या साइटवरचे पंचेचाळीस दिवस

“समजलं का?” कंत्राटदार शिवदास पोळांनी विचारलं आणि सत्तर माणसं एका सुरात म्हणाली, “हो मालक!”

पोळांनी मोठ्या समाधानानं आमच्याकडे पाहिलं. माणसं पांगली. कुणी घमेलं उचललं, कुणी तंबाखू मळायला घेतली. बांबूंच्या परांचीवर चढताना कमरेला पट्टा बांधायचा, हे पोळांनी नुकतंच तीनदा सांगितलं होतं. ‘हो’ म्हणणाऱ्यांतल्याच एकानं आपला पट्टा खुंटीला नीट अडकवला आणि तो मोकळा वर चढून गेला.

“बघा बाई,” पोळ म्हणाले, “रोज सकाळी दहा मिनिटं घसा फोडतो. सगळ्यांना सगळं समजलंय.”

“एकालाही समजलेलं नाही,” मी म्हणाले.

पोळांचा चेहरा पडला. माझ्या शेजारी उभी असलेली निलोफर मात्र हसू दाबत होती. ती माझी विद्यार्थिनी. पहिली आणि दुसरी, दोन्ही वर्षं माझ्या वर्गात होती. आता ती सरकारच्या सुरक्षा खात्यात निरीक्षक होती आणि बांधकामं तपासणं हे तिचं काम होतं. मला त्या साइटवर तिनंच आणलं होतं.

याला आता बावीस वर्षं झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. एका दुपारी निलोफर घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “बाई, मी एक धाडस केलंय. निस्तरायला तुम्ही हव्या.”

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर मुलींच्या वसतिगृहाची इमारत उठत होती. तिथं दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून एक गवंडी पडला. जीव वाचला, पण कंबर मोडली. निलोफर चौकशीला गेली. कायद्यानं तिला साइटला कुलूप लावता आलं असतं. ती ते कुलूप लावायलाच गेली होती.

“मग लावलं का नाहीस?” मी विचारलं.

“आतापर्यंत सहा ठिकाणी लावलंय, बाई. माणसं गाठोडी बांधून दुसऱ्या साइटवर जातात आणि तिथं पडतात. कंत्राटदार शिकतो ते एकच, पुढच्या वेळी माझ्यापासून कसं लपवायचं.” तिनं पिशवीतून एक कागद काढला. “म्हणून या वेळी हे केलंय.”

तो करार होता. खालती तिची आणि पोळांची, अशा दोघांच्या सह्या होत्या. पंचेचाळीस दिवस साइट चालू राहील. पोळ आपल्या साइटवरचं प्रत्येक चुकलेलं स्वतःहून दाखवतील. जे स्वतः दाखवतील त्याबद्दल खटला नाही, ते दोघांनी मिळून दुरुस्त करायचं. जे लपवतील त्याला माफी नाही. पंचेचाळिसाव्या दिवशी निलोफरचे वरिष्ठ, राजहंस साहेब, येऊन पाहतील. त्यांना पटलं नाही तर काम बंद.

“आणि तुझं काय?”

“माझ्यावर नोटीस आधीच आलीय. ‘निरीक्षकाने कंत्राटदाराशी हातमिळवणी केल्याचे दिसते.’ त्या दिवशी साइट नापास झाली तर मीही नापास.” मग ती हळूच म्हणाली, “पोळ वाईट माणूस नाही, बाई. तो रोज सांगतो, माणसं रोज हो म्हणतात आणि रोज तेच करतात. तुमच्याकडे सहा वर्षांची पोरं महिन्याभरात ओळीनं चालायला लागायची. ते कसं व्हायचं?”

म्हणून मी आले होते.

“पोळ,” मी म्हणाले, “‘समजलं का’ हा प्रश्न मी चौतीस वर्षांत वर्गात विचारला नाही. त्याला उत्तर एकच असतं. ‘नाही’ म्हणणारं पोर माझ्या पाहण्यात नाही, कारण ‘नाही’ म्हटलं की बोलणी बसतात.”

“मग काय विचारायचं?”

“काही सांगायचंच नाही. त्यांना सांगू द्यायचं.”

दुसऱ्या दिवसापासून पोळांचं भाषण बंद झालं. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि रोज कुणीतरी एकानं, काल आपल्याला साइटवर काय चुकीचं दिसलं ते सांगायचं. कुणी केलं ते सांगायचं नाही. कुठं आहे आणि त्यानं काय होईल, एवढंच. ते ऐकलं की त्या ठिकाणी आधी जायचं, दुरुस्त करायचं आणि मगच कामाला लागायचं.

पहिले चार दिवस कुणी तोंड उघडलं नाही. सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-बल्ल्या ठोकणारा, मिस्त्री मल्लाप्पा विजापूरकडचा, पन्नाशीचा, सगळ्यांत जुना. तो म्हणाला, “बाई, मी शाळा बघितली ती बाहेरनं. शाळेच्या छताचं सेंट्रिंग ठोकलं मी. मला कुठं उभं करता!”

“मग मी सांगते,” मी म्हणाले. “काल मी त्या जिन्यावरून उतरताना मोबाईलवर बोलत होते. पाय चुकला असता तर आज तुम्हाला सुट्टी मिळाली असती.”

माणसं हसली. आणि त्या हसण्यातच मालाच्या पाट्या वाहणारी एक बाई पुढं आली. शेवंता तिचं नाव. डोक्यावर पाटीखाली ठेवायची चुंबळ दोन्ही हातांनी पिळत ती म्हणाली, “त्या जिन्याला कठडाच न्हाई. बाई बोलत नसत्या तरी पडल्या असत्या.”

पोळांच्या कपाळावर शीर उठली. “तुला जिन्याचं काय करायचंय? तू पाट्या उचल.”

निलोफर शांतपणे म्हणाली, “पोळ, कागदावर सही कुणाची आहे?”

पोळ वळले, दोन बांबू आणि काथ्याची गुंडी घेतली आणि स्वतः जिन्याला आडवे बांबू बांधायला लागले. गाठ काही त्यांना जमेना. मल्लाप्पा लांबून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “मालक, ती गाठ म्हशीला बांधायची. सोडा, मी बांधतो.”

सगळी साइट हसली. पोळसुद्धा हसले. मला तेव्हा कळलं की आता जमणार.

पुढं एकेकाला वाचा फुटली. उघडी वायर पाण्यात पडलीय, माल चढवायच्या लिफ्टच्या दोराचे दोन पदर तुटलेत, फळीचा खिळा वर आलाय. दर सोमवारी निलोफर आणि पोळ मिळून साइट फिरायचे. पहिल्या सोमवारी ती चुका दाखवत होती आणि ते कारणं सांगत होते. चौथ्या सोमवारी मी मागून चालत होते, तेव्हा पोळ बोट दाखवत होते आणि ती लिहून घेत होती. पट्टे खुंटीवरून कमरेवर आले, पण ते कुणी ओरडल्यानं नव्हे. पट्टा न बांधता कुणी चढला की दुसऱ्या दिवशी गोलात तो विषय निघायचा, आणि नाव कुणी घेत नसलं तरी सगळे त्याच्याकडेच बघायचे.

शेवंता सगळ्यांत जास्त बोलायची. तिची नजर तयार होती. दिवसभर डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या बाईला पायाखालचं सगळं दिसतं.

पंचेचाळिसावा दिवस शनिवार होता. पोळांनी त्याच दिवशी पूर्वेकडच्या भागाचा स्लॅब टाकायचं ठरवलं होतं. साहेबांना काम चालू असताना दाखवायचं, असा त्यांचा हट्ट होता. स्लॅब म्हटला की आमच्याकडे जेवण आलंच. दिवसभर खपणाऱ्या माणसांना मालकानं पोटभर जेवू घालायचं, हा रिवाज. पोळ तर खाऊ घालण्यात हौशी माणूस. त्यांनी आचारी सांगितला होता, मोठं पातेलं आणलं होतं, आणि साहेबांसाठी पुरणपोळ्यांचा वेगळा घाट घातला होता.

“पोळ, साहेब तपासायला येताहेत, लग्नाला नव्हे,” निलोफर म्हणाली.

“मॅडम, दारी आलेला माणूस उपाशी गेला तर माझी आई वरून शिव्या घालेल.”

राजहंस साहेब नऊ वाजता आले. उंच, पांढऱ्या केसांचे, मोजकं बोलणारे. त्यांनी निलोफरच्या नमस्काराला मान हलवली, तिच्या हातातली फाइल घेतली आणि न उघडता काखेत धरली. नारळ फुटला होता. मिक्सरमध्ये पहिला माल फिरत होता. माणसं गोलात उभी होती, त्यांचं बोलणं झालं की पाट्या वर चढायला लागणार होत्या.

साहेब गोलाच्या मध्ये गेले. त्यांना आमची पद्धत कुणी सांगितली नव्हती, आणि सांगायला निलोफरनं तोंड उघडलं तोवर त्यांनी बोलायला सुरुवातही केली. पट्टा, टोपी, बूट, शासनाचे नियम, सगळं त्यांनी पाच मिनिटांत नीटनेटकं सांगितलं. आणि शेवटी विचारलं, “समजलं का?”

सत्तर माणसं गप्प.

दीड महिन्यात त्यांना तो प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर द्यायची सवय मीच मोडली होती. नुसता मिक्सर घरघरत होता. साहेबांच्या मागं उभं राहून पोळ दोन्ही हातांनी ‘हो म्हणा, हो म्हणा’ असं खुणावत होते. निलोफरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“पंचेचाळीस दिवस शिकवलंत ना यांना?” साहेब तिला म्हणाले. मग त्यांनी समोरच उभ्या असलेल्या शेवंताकडे पाहिलं. “तू सांग. काय समजलं?”

शेवंतानं पोळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीच केलं नाही. मान हलवली असती तर तिनं माझ्यासाठी उत्तर दिलं असतं, आणि ते मला नको होतं.

“साहेब, तुमी बोलला ते चांगलंच हाय,” ती म्हणाली. “पन मला दुसरं सांगायचंय. आता पानी आनायला तिकडं गेलते. स्लॅबच्या खाली आचाऱ्यानं चूल मांडलीया. पातेल्यापाशी तीन बल्ल्या न्हाईत. काढून भिंतीला टेकवल्यात. आन् बाजूच्या बल्ल्यांच्या पाचरी चुलीत घातल्यात.”

हे नीट सांगायला हवं, म्हणजे त्या वाक्याचं वजन कळेल. स्लॅबचं ओलं काँक्रीट स्वतःच्या बळावर उभं राहत नाही. खाली फळ्या असतात आणि फळ्यांखाली हातहाताच्या अंतरावर उभ्या केलेल्या लाकडी बल्ल्या. प्रत्येक बल्लीच्या पायाशी पाचर ठोकून ती घट्ट बसवतात. काँक्रीट घट्ट होईपर्यंत सगळा भार त्या बल्ल्यांवर असतो. तीन काढल्या आणि आठदहांच्या पाचरी निघाल्या, तर वर माल पडायला लागताच तो कोपरा खाली येणार. वर वीस माणसं चढणार होती. खाली सहा जण पोळ्या लाटत बसले होते.

साहेब पोळांकडे वळले. “हे खरं आहे?”

त्या वेळी मी पोळांकडे पाहत होते. त्यांना काहीही म्हणता आलं असतं. बाई अडाणी आहे, तिला काय कळतंय. मिस्त्रीनं सकाळी सगळं तपासलंय. आधी स्लॅब होऊ द्या. यातलं एकेक वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून पूर्वी ऐकलं होतं. निलोफर डोळे मिटून उभी होती.

पोळांनी हात वर केला आणि मिक्सरवाल्याला ओरडून सांगितलं, “बंद कर! बंद कर तो!”

घरघर थांबली. मग ते साहेबांना म्हणाले, “मी अजून बघितलेलं नाही. पण शेवंता म्हणते म्हणजे खरंच असणार. मल्लाप्पा, चल.”

मल्लाप्पा धावला. स्लॅबखालून त्याचा आवाज आला, “ए, उठा! पोळ्या राहू द्या, आधी माणसं बाहेर!” आचारी आणि बायका पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. साहेबही आत शिरायला निघाले, तर मल्लाप्पानं त्यांच्यापुढं हात आडवा धरला. “अय्यो, साहेब, तुम्ही नको. मी आधी बघतो, मग बोलावतो.” उपसंचालक दर्जाचा माणूस दोन पावलं मागं सरला.

मल्लाप्पा बाहेर आला आणि थेट पोळांपाशी गेला. “फळी आताच बोटभर खाली आलीय, मालक. नुसत्या सळ्यांच्या वजनानं.”

मिक्सरमधला माल ओतून टाकावा लागला. तो रस्त्याच्या खड्ड्यात गेला. पातेलं काठ्यांवर उचलून उन्हात नेलं. मल्लाप्पा आणि त्याची माणसं नव्या बल्ल्या ठोकायला लागली. काम तीन तास थांबलं.

साहेब कडुलिंबाखाली खुर्चीवर बसले. मी शेजारच्या खुर्चीवर. बराच वेळ ते हातोड्यांचे आवाज ऐकत होते.

“बाई, तुम्ही यांना शिकवलंत तरी काय?” त्यांनी विचारलं.

“बांधकामातलं मला काही येत नाही. ते त्यांनाच येत होतं. चूक सांगितली तर मार बसत नाही, एवढंच शिकवलं. ते शिकायला पोळांना जास्त दिवस लागले.”

साहेब हसले नाहीत. “तेवीस वर्षं साइटी तपासतोय. माझ्यासमोर कुणी स्वतःची चूक दाखवलेली नाही. मीच शोधायचो.”

“आणि ज्या सापडल्या नाहीत त्या?”

काखेतली फाइल साहेबांनी मांडीवर घेतली, पहिल्यांदाच उघडली आणि वाचायला लागले. पंचेचाळीस दिवसांतली प्रत्येक नोंद तिच्यात होती. कुठं काय चुकलं, कुणाच्या नजरेला आलं, कधी नीट केलं. काही ओळी निलोफरच्या अक्षरात होत्या, काही पोळांच्या वाकड्यातिकड्या.

दुपारी बारानंतर पाट्या वर चढल्या. दिवस मावळायच्या आत स्लॅब पुरा झाला. साहेब तोपर्यंत थांबले. निघताना त्यांनी फाइलच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहून ती निलोफरला दिली. काम चालू ठेवावे. करार एक वर्ष वाढवावा. तालुक्यातल्या आणखी चार कंत्राटदारांशी असाच करार करण्याची जबाबदारी निरीक्षक निलोफर मुजावर यांच्याकडे राहील. खाली सही.

निलोफरनं ते दोनदा वाचलं. मग फाइल पोळांच्या हातात दिली आणि पाठ फिरवून उभी राहिली. सातव्या वर्षी पाटीवर शाबासकी मिळाली तरी ती अशीच पाठ करायची. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तिला तो वेळ एकटीचा हवा होता.

सोमवारी सकाळी मी नेहमीच्या एस.टी.नं गेले. फाटकापाशी आले तर गोल आधीच उभा राहिलेला. माझी वाट कुणी पाहिली नव्हती. मध्यभागी कोण आहे ते आधी दिसेना. जवळ जाऊन पाहिलं तर पोळ उभे होते, टोपी हातात घेऊन. आणि त्यांच्यासमोर शेवंता.

“बोला मालक,” ती म्हणाली. “शनिवारी काय चुकलं?”

कुणीतरी फसकन हसलं. मल्लाप्पानं त्याला कोपरानं ढोसलं.

पोळांनी घसा साफ केला. आवाज त्यांचा नेहमी अख्ख्या माळावर ऐकू जायचा, त्या दिवशी मला कान द्यावा लागला. “वाऱ्यानं चूल पेटत नव्हती,” ते म्हणाले. “आचारी म्हणाला आडोसा पाहिजे. मी म्हटलं, आत स्लॅबखाली मांड. जागा मी दाखवली. बल्ल्या मध्ये येतील, तो त्या काढेल, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. आलं नाही. साहेबांना गरम पोळी मिळावी एवढंच डोक्यात होतं.”

“त्यानं काय झालं असतं?” शेवंतानं विचारलं.

पोळांनी गोलातल्या माणसांकडे एकदा पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“तुमच्यातले कोण कोण वर जाणार होते, ते मी काल घरी बसून आठवत होतो,” ते म्हणाले. “वीसही नावं आठवली.”

मी फाटकातच थांबले होते. निलोफर पलीकडे होती, तिची मान खाली, काहीतरी लिहीत होती. तिनं वर पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. मी आल्या पावली परत फिरले आणि स्टँडवर येऊन घरची गाडी पकडली. चौतीस वर्षांत माझ्या वर्गाला माझी गरज नाही, असा दिवस मला कधी बघायला मिळाला नव्हता. कंडक्टरनं विचारलं, “बाई, आज लवकर सुटली शाळा?”

मी म्हटलं, “हो. सगळी पोरं पास झाली.”